वाढवलेला कान

कानाची पाळी नसती तर आपलं काय अडलं असतं? ऐकू तितकंच आलं असतं. आवाज गोळा करून आत ढकलायचं काम वरच्या कुर्चेच्या वळणांचं; खाली लोंबणाऱ्या त्या चिमूटभर मांसाकडे त्यातलं फारसं काही सोपवलेलं नाही. आत हाड नाही, कुर्चा नाही. कातडी, थोडी चरबी, तंतू आणि रक्ताच्या बारीक वाहिन्या, एवढाच ऐवज. आणि तरी या बिनकामाच्या तुकड्याशी माणूस हजारो वर्षं हौसेनं खेळत आलाय. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा एक माणूस सापडला. संशोधक त्याला ओट्झी म्हणतात. त्याच्या पाळ्यांना भोकं आहेत, आणि ती सुईच्या नाक्याएवढी नाहीत, 7 ते 11 मिलिमीटरची आहेत. शाळेतली पेन्सिल सहज आरपार जाईल. तुतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याचेसुद्धा कान टोचलेले आहेत. तमिळनाडूत मदुराई-तिरुनेलवेलीकडच्या म्हाताऱ्या बायांचे ‘पांबडम’ घातलेले कान खांद्याला टेकायचे. आपल्याकडे तर बोलता येण्याआधीच लेकराचे कान टोचून होतात.

आता परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या बोरीला येऊ. बाजारात भाजीचे वाटे लावून बसलेल्या सत्तरीच्या बायांचे कान जरा निरखून पाहा. भोक कसलं, उभी चीरच झालेली असते, खालच्या कडेला मांसाचा जेमतेम दोरा उरलेला. काहींचा तोही तुटून पाळीची दोन टोकं झालेली. कानातली फुलं अडकवलेली असतात ती शेजारी नव्यानं पाडलेल्या भोकात. आणि त्याच बाजारात पुण्याहून सुट्टीला आलेला एखादा पोरगा दिसतो, कानात काळी जाड चकती घातलेला. आजी विचारते, ‘‘कानात बूच काहून घातलंय रं लेकरा?’’ पोरगा नुसता हसतो. पुढचा बेत तिला सांगण्यासारखा नसतोच. हा कान सोनारानं टोचलेल्या भोकापासून हळूहळू वाढवत आणलेला. दुसऱ्या कानाचं भोक केव्हाच बुजलंय, तिथे आता थेट जाड सुईनं, 8 गेजनं टोचून घ्यायचं, आणि मग दोन्ही बरोबरीनं वाढवत न्यायचे.

दुरून पाहणाऱ्याला आजी आणि नातू एकाच वाटेवरचे वाटतील. दोघांचीही भोकं मोठी झालेली. पण आत, पेशींच्या पातळीवर, घडलेलं आहे ते जवळजवळ उलटं. आजीची पाळी झिजत गेली. नातवाची वाढली. मांस तेच, भोक तेच, आणि निकाल दोन. हे कसं होतं ते कळलं तेव्हापासून समोरच्या माणसाच्या तोंडाआधी माझी नजर त्याच्या कानाकडे जाते, हा त्या कळण्याचा तोटा.

आधी ते ‘8 गेज’ म्हणजे काय ते पाहू. तारेचं हे माप उलटं चालतं: आकडा लहान तितकी तार जाड. जुन्या तारवाल्यांचा हिशेब मुळात जाडीचा नव्हता, मेहनतीचा होता. पोलादी पट्टीत एकाहून एक बारीक भोकं पाडलेली असतात, त्यातून तार ओढत न्यायची. आपल्या सोनाराच्या पेढीवरही हे चालतं. जितक्या वेळा ओढली तितका आकडा मोठा आणि तार बारीक. पुढे अमेरिकेत हे माप गणितात बसवलं गेलं आणि त्यातून एक गंमत निघाली. आकडा सहानं उतरला की जाडी दुप्पट होते. 20 म्हणजे 0.8 मिलिमीटर, 14 म्हणजे 1.6, 8 म्हणजे 3.2, 2 म्हणजे साडेसहा. शून्य म्हणजे 8 मिलिमीटर, मग दोन शून्यं, आणि तिथे आकड्यांचा पट संपून सरळ मिलिमीटर सुरू होतात. म्हणजे या जिन्याच्या खालच्या पायऱ्या ठेंगण्या आणि वरच्या उंच आहेत. 10 वरून 8 वर जायला भोक पाऊण मिलिमीटरही वाढवावं लागत नाही. 2 वरून शून्यावर जायला दीड मिलिमीटरहून जास्त. दोन्ही वेळा ‘एकच पायरी चढलो’ असं वाटतं. बहुतेकांचे कान बिघडतात ते याच वरच्या पायऱ्यांवर.

घेर मोजला की खरा प्रश्न समोर येतो. 0.8 मिलिमीटरच्या भोकाचा घेर अडीच मिलिमीटर. 8 मिलिमीटरच्या भोकाचा पंचवीस. दहापट. एवढी जादा कातडी आणायची कुठून?

सुरुवात जखमेपासून. जाड टोचणीसाठी पोकळ सुई लागते, तिचं टोक तिरकं कापलेलं असतं. ती मांसात अर्धवर्तुळासारखी चीर पाडते आणि मांस बाजूला सारून पुढे जाते; काढून फारसं काही नेत नाही. त्वचारोगाचे डॉक्टर तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढतात त्या गोल पात्यानंही मोठं भोक पाडता येतं, पण ते गोल चकतीच कापून बाहेर काढतं. ज्याला पुढे वाढवायचं आहे त्यानं हा फरक समजून घेतलेला बरा: पहिल्या प्रकारात पाळीचं भांडवल शाबूत राहतं, दुसऱ्यात पहिल्याच दिवशी त्यातलं काही कचऱ्याच्या डब्यात जातं. बाजारातल्या स्प्रिंगच्या बंदुकीबद्दल बोलायलाच नको. ती बोथट खिळा जोरानं मांसात ठोकते आणि भोक कधी मोठं पाडत नाही.

दागिना आत बसला की दोन्ही तोंडांकडून कातडीच्या पेशी सरकायला लागतात. पुढून काही, मागून काही, भुयाराच्या भिंतीवरून सरकत त्या मधे कुठेतरी भेटतात. पाळीला यासाठी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तो दागिन्याभोवतीचा उघडा घाव असतो; नंतर ते कातडीचं अस्तर लावलेलं भुयार होतं. आपलं अंग आतल्या बाजूनं कातडी नेसून घेतं! पुरावा हवा असेल तर वास घ्या. मोठी भोकं असणाऱ्यांना ठाऊक असतं, दागिना काढला की त्याला आंबूस, जुन्या चीजसारखा वास येतो. कातडी मेलेल्या पेशी टाकते, तेल सोडते. भुयारातली कातडीही तेच करते. खरी कातडी असल्याशिवाय तो वास येत नाही.

पण अस्तर लागलं म्हणजे भिंत पक्की झाली असं नाही. जखमेतले कोलॅजनचे तंतू आधी घाईघाईत, वेडेवाकडे टाकले जातात आणि मग महिनोन्‌महिने त्यांची उकल करून नीट मांडणी चालते. तीन महिन्यांनीसुद्धा भरलेल्या जखमेची ताकद मूळ कातडीच्या फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत येते. पूर्ण कधीच नाही. वरून बरं दिसणं आणि आतून बरं होणं यांत हे अंतर आहे, आणि उतावळ्या माणसाला ते दिसत नाही.

आता ताण. भोकात किंचित जास्त जाडीची दांडी घातली की पहिल्या तासा-दोन तासांत जे होतं ते निव्वळ यांत्रिक: गुंडाळलेले तंतू सरळ होतात, ताणाच्या दिशेला वळतात, मधलं पाणी बाजूला सरतं. नवं काही तयार झालेलं नसतं. ताण तसाच, बेतानं, आठवड्यामागून आठवडे राहिला तर दुसरी गोष्ट सुरू होते. कातडीतल्या पेशींना ओढ कळते. त्या विभागायला लागतात, नवे तंतू विणतात. थोडक्यात, अंग ठरवतं की इथे कातडी कमी पडतेय, आणि ती तयार करतं. गरोदर बाईच्या पोटाची कातडी वाढते तीही याच नियमानं.

घाई केली तर? भुयाराचं अस्तर मागच्या तोंडातून उलटं बाहेर येतं आणि पाळीमागे मांसाची गोल कड उभी राहते. किंवा खालची पाळी पातळ पडत जाते. म्हणून जाणते लोक दोन मापांमधे महिना-दोन महिने, वरच्या पायऱ्यांवर त्याहून जास्त थांबतात. काही जण एक झकास युक्ती करतात: नळाच्या आट्यांवर गुंडाळतात त्या जातीची पांढरी टेफ्लॉनची पट्टी, जिला गोंद नसतो, ती दागिन्याभोवती एकच वेढा गुंडाळायची. जाडीत जेमतेम दशांश-दीड दशांश मिलिमीटरची भर. काही दिवसांनी दुसरा वेढा. पायरी उंच आहे ना, मग तिच्यामधे दहा-पंधरा छोट्या पायऱ्या बांधायच्या.

आता आजीचा कान. तिनं काही वाढवायचं ठरवलं नव्हतं. सोनारानं बारीक सोन्याच्या तारेनं टोचलं. पुढे लग्नात सासरचे झुबे आले, आणि ते चाळीस-पन्नास वर्षं लोंबकळत राहिले. हिशेब करून पाहू. जोड एक तोळ्याचा, म्हणजे एका कानाला 5.8 ग्रॅम. तार 0.8 मिलिमीटर, पाळी साडेचार मिलिमीटर जाड धरली, तर सगळं वजन टेकतं साडेतीन चौरस मिलिमीटरच्या आसपासच्या पट्टीवर. दाब काढला की तो येतो पाऱ्याच्या साधारण 120 मिलिमीटर. दवाखान्यात बीपी पाहताना वरचा आकडा असतो तेवढा! कातडीच्या केशवाहिन्यांत रक्त ज्या दाबानं वाहतं तो याच्या चौथ्या हिश्श्याएवढा, तिशीच्या घरात. म्हणजे तारेखालच्या त्या बारीक पट्टीत रक्त पोचणं जवळपास बंद. तिथलं मांस हळूहळू मरतं, अंग ते शोषून घेतं, तार केसभर खाली सरकते; वर मागे कठीण व्रण राहतो. तारेनं साबणाची वडी कापावी तशी ही तार पाळी कापत जाते, फक्त एका वडीला अर्धं शतक लागतं. आणि हेच 5.8 ग्रॅम 8 मिलिमीटर जाडीच्या दांडीवर टाकले तर दाब दहापट कमी, पाऱ्याचे 12. रक्त चालू, पेशी जिवंत.

म्हणून आजीचं भोक खाली सरकलं आणि नातवाचं चहूबाजूंनी रुंदावलं. ज्याच्याकडे बघून लोक ‘अघोरी’ म्हणतात तो जाड दागिना पाळीला बारीक तारेपेक्षा मवाळ वागवतो, हे मान्य करायला जड जातं, पण आकडे तसेच आहेत.

बायकांना हे गणित न मांडताच कळलेलं होतं. कानातल्याला मोत्यांचा वेल जोडून तो वर केसांत खोचायचा, म्हणजे वजन केसांवर जातं. ही शोभा नंतरची, आधी ती सोय. बोरी-जिंतूरच्या आसपासच्या तांड्यांवर जुन्या बंजारा बायांनी तर पाळीला मधे घेतलंच नाही. त्यांच्या चांदीच्या घुगरी-टोपल्या गालाशी झुलतात, पण त्या गुंफलेल्या असतात केसांच्या बटांत. भारदस्त दागिना, आणि कानाला काही त्रास नाही.

हे सगळं फार पूर्वी कुणीतरी बैजवार लिहून ठेवलंय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यावर आहे. माझ्या मते तो आपल्याकडच्या शास्त्रीय लिखाणातल्या सगळ्यात जिवंत प्रकरणांपैकी एक. लेकरू सहाव्या-सातव्या महिन्यात दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळणी दाखवून रमवायचं. डाव्या हातानं पाळी ओढून उन्हात धरायची आणि उजेड आरपार दिसतो अशी नैसर्गिक जागा शोधायची. तिथे उजव्या हातानं, सावकाश, सरळ टोचायचं. पाळी पातळ असेल तर सुईनं, जाड असेल तर आरीनं. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. रक्त फार आलं किंवा फार दुखलं तर जागा चुकली असं समजा. मग कापसाची वात घालायची, कच्चं तेल सोडायचं. सूज आली तर वात काढून ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव आणि तीळ यांचा मध-तूप घातलेला लेप, आणि पूर्ण बरं झाल्यावर पुन्हा टोचणं.

आणि नंतर येतो आपल्या पोरग्याचा विषय. दर तीन दिवसांनी वात आधीपेक्षा जाड करत न्यायची, असं ग्रंथ सांगतो. जखम निर्दोष झाली की पाळी वाढवण्यासाठी ‘वर्धनक’ नावाचं साधन घालायचं. टीकाकार डल्हण त्याचा तपशील देतो: आघाडा, कडुनिंब किंवा कापशीच्या काडीचं करावं, नाहीतर शिशाचं, धोतऱ्याच्या फुलाच्या आकाराचं. धोतऱ्याचं फूल डोळ्यापुढे आणा. देठाकडे निमुळतं, तोंडाकडे पसरट. आत सरकवत गेलं की भोक आपसूक रुंद होतं, शिवाय शिशाचं वजन. आजच्या दुकानात भोक वाढवायला मिळणारी निमुळती दांडी याहून फार वेगळी नसते.

तीन दिवसांचा हिशेब मात्र आज कुणी मान्य करणार नाही. मला तर शंका येते की त्या घाईचाच पुढच्या भागाशी संबंध असावा. कारण लगेच सुश्रुत सांगतो की असा वाढवलेला कान दोषांमुळे किंवा मार लागून दुभंगतो, आणि मग तो दुरुस्तीच्या पंधरा पद्धती देतो. पंधरा! नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, गंडकर्ण, कपाटसंधिक, वल्लीकर्ण, काकौष्ठक अशी त्यांची नावं. पाळीचे दोन्ही तुकडे सारखे उरलेत की एक लांब एक आखूड, बुंध्याशी रुंद आहेत की बारीक, त्यावरून पद्धत ठरते. एवढी वर्गवारी कोणी कल्पनेनं करत नाही. दारात रोज फाटके कान येत असले पाहिजेत.

दुरुस्तीची कृती वाचताना हाताचा अंदाज कळतो. कडा आधी कापून किंवा खरवडून ताज्या करायच्या, कारण कातडी आलेली कड कातडी आलेल्या कडेला कधीच जुळत नाही. रक्त तपासायचं. तुकडे वरखाली न होता समपातळीत जुळवायचे, मध-तूप लावायचं, कापूस किंवा कापड गुंडाळून दोऱ्यानं बांधायचं, फार घट्ट नाही, फार सैल नाही. वर खापराचं चूर्ण भुरभुरायचं. मग पथ्य: कानाला धक्का नको, दिवसा झोप नको, व्यायाम नको, अति जेवण नको, शेकणं नको, आणि फार बोलायचंही नाही.

दुरुस्तीच्या या वर्णनात एका जागी नजर खिळते. पाळी उरलेलीच नसेल तेव्हा गालाचं मांस वापरायचं, पण ते एका बाजूनं गालाला जोडलेलं ठेवून, म्हणजे रक्त चालू राहील अशा बेतानं, उचलून कानाला लावायचं. जिवंत मांस, आपल्या मुळाला धरून असलेलं. आज प्लास्टिक सर्जन ज्याला फ्लॅप म्हणतात त्याचं तत्त्व हेच. आणि याच अध्यायाच्या शेवटी सुश्रुत कानावरून नाकाकडे वळतो: कापलेलं नाक गालाच्या मांसानं परत कसं करायचं. क्रम लक्षात घ्या. आधी हौसेनं टोचलेलं भोक, मग वाढवणं, मग फाटणं, मग जोडणं, आणि जोडता जोडता हात इतका बसलेला की पुढे नाक.

ही विद्या पुढे पुण्याजवळ पुन्हा दिसते, तीही वैद्याच्या हाती नाही. 1792 च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर असलेला एक मराठा बैलवाला टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. इंग्रजी वृत्तांतात त्याचं नाव कोवासजी असं येतं. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ नमुना नाकाच्या जागी बसवून मापला, तो कपाळावर पसरून कड आखली, तेवढी कातडी सोडवली. भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, आणि कातडी फिरवून खाली आणली. चिकटवायला कात. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट वृत्तांत छापून आला, तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं 1814 साली लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि 1816 ला पुस्तक लिहिलं. तिथून युरोपात नाकं पुन्हा बसू लागली. त्या वीटवाल्याचं नाव मात्र कुणी टिपून घेतलं नाही. दोन्ही डॉक्टरांची नावं नोंदवली गेली.

कानाचं कर्ज इथेच संपत नाही. 1957 साली चार्ल्स न्यूमन या अमेरिकन डॉक्टरनं एका रुग्णाच्या कातडीखाली रबरी फुगा ठेवला आणि तो थोडा थोडा फुगवत नेला. कातडी वाढली, आणि वाढलेली कातडी त्यानं दुरुस्तीला वापरली. कशाच्या? तुटलेल्या कानाच्या. भाजलेल्या रुग्णांसाठी, कर्करोगात काढलेल्या स्तनासाठी आज ही फुग्याची पद्धत जगभर चालते. ताण दिला तर कातडी नवी तयार होते, हा पोरग्याच्या चकतीमागचा नियम तिथे औषध म्हणून वापरला जातो.

बोरीहून जिंतूर गाठून नेमगिरीच्या डोंगरावर जाऊन या. गुहांच्या अरुंद वाटांनी वाकून आत गेलं की पद्मासनातले तीर्थंकर भेटतात. अंगावर धागा नाही, दागिना नाही. पाळ्या मात्र लांब, खांद्याकडे झुकलेल्या. वेरूळला, अजिंठ्याला बुद्धाचेही कान तसेच. राजपुत्र असताना जड कुंडलं घातली, गृहत्याग करताना ती उतरवली, पाळ्या तशाच राहिल्या, अशी याची एक समजूत सांगतात. मूर्तिशास्त्र लांब कानांना महापुरुषाचं लक्षण मानतं ते वेगळंच. पण शरीराच्या बाजूनं समजूत खरीच आहे: बरीच वाढवलेली पाळी दागिना काढल्यावर थोडी आक्रसते, पूर्ववत होत नाही. तयार झालेली कातडी अंग परत घेत नाही.

नाथपंथाचं कानाशी नातं याहून कठोर. आपल्याकडे मढीचे कानिफनाथ, सावरगावच्या मायंब्याचे मच्छिंद्रनाथ. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांकडे आणि तिथून ज्ञानेश्वरांकडे आलेली परंपरा. उत्तरेत कानफाटा जोग्यांची दीक्षा व्हायची ती पाळीत नाही, तिच्या वर, कुर्चेत. दुधारी सुरीनं एका झटक्यात चीर, आत कडुनिंबाची काडी, जखम भरली की मोठी मुद्रा. इथे हळूहळू वाढवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कुर्चा ताणली जात नाही. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्याही नाहीत. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर तिचं चालतं. त्यामुळे ती भरायला महिने घेते, आणि तिथे पू झाला तर कान कायमचा वेडावाकडा होतो. आपली बुगडी आणि भिकबाळी याच भागातल्या, म्हणून त्यांची भोकं बारीकच ठेवतात. जुन्या वर्णनांनुसार ज्या जोग्याचा कान मुद्रेनं फाटे त्याला पंथात जागा राहत नसे. सुश्रुताच्या पंधरा पद्धती त्याच्या उपयोगी पडल्या असत्या की नाही कोण जाणे; त्या पाळीसाठी होत्या.

तर पोरग्याला काय सांगायचं? थेट 8 गेजनं टोचून घेणं वेडेपणाचं नाही. बारीकपासून चढत येण्याच्या निदान चार-पाच पायऱ्या वाचतात. पण जागा पाळीच्या मध्यावर, खालून पुरेसं मांस राखून हवी, कारण भोक मोठं होताना खालची कड सगळ्यात आधी पातळ पडते, आणि पहिल्या दिवशी दोन मिलिमीटर चुकलेली जागा नंतर हलवता येत नाही. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची. कावीळ ब आणि धनुर्वात यांची लस आधी. ताज्या भोकात टायटेनियम किंवा काच. लाकूड, ॲक्रिलिक, सिलिकॉन भरून आल्यावर, कारण त्यांना उकळत्या वाफेचं निर्जंतुकीकरण सोसत नाही किंवा ओल्या जखमेला ते चालत नाहीत. घरात कुणाच्या जखमेवर मांसाची गाठ वाढत गेली असेल, जिला डॉक्टर कीलॉइड म्हणतात, तर हा नाद सोडावा. पाळी ही त्या गाठीची आवडती जागा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ती जास्त उगवते. 10 मिलिमीटरच्या आसपास एक वेस आहे. तिच्या अलीकडे बरेच कान दागिना काढल्यावर आक्रसून जवळजवळ पूर्वीसारखे होतात, पलीकडे गेलेले बहुधा नाही. वेस प्रत्येकाची वेगळी आणि ओलांडल्यावरच कळणारी.

आजीसाठीही उपाय आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा सोपा. प्लास्टिक सर्जन पाळीत भूल देतात, चिरेच्या दोन्ही कडा पात्यानं ताज्या करतात आणि टाके घालतात. खालच्या काठाला खाच राहू नये म्हणून काही जण शिवण नागमोडी घेतात. त्याच दिवशी घरी. पोरग्याचं मन बदललं तर त्याच्याही वाढवलेल्या पाळीतलं जादा मांस कापून ती अशीच आकारात आणता येते. पुन्हा टोचायचं असेल तर काही महिने थांबावं लागतं, आणि नवं भोक शिवणीच्या रेषेवर घ्यायचं नाही, बाजूच्या मूळ मांसात घ्यायचं. झुबे पुन्हा घालायचेच म्हटलं तर वेल जोडून, वर केसांत खोचून.